उघड्या हेडफोनची किंमत आणि आपला कान

जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ बाजारात आणला, तोवर हेडफोन म्हणजे कानांवर घट्ट बसणाऱ्या दोन बंद डब्या असत. या हेडफोनची मागची बाजू उघडी होती, कानाला टेकत होता तो पिवळा फोम. पुढे त्याचे एक कोटीहून अधिक नग खपले. तत्त्व साधे आहे. आतला पडदा जितकी हवा पुढे ढकलतो तितकीच मागेही ढकलतो. बंद कपात ही मागची लहर भिंतीवर आपटून परतते आणि मूळ स्वर गढूळ करते. जाळीतून बाहेर सोडली की आवाज मोकळा होतो. अर्थात मग शेजारच्यालाही आपले गाणे ऐकू येते आणि रस्त्यावरचा हॉर्न आपल्याला. लोकलमध्ये याचा काही उपयोग नाही.

आज या प्रकारातल्या महागड्या हेडफोनांची क्रमवारी लावण्याची हौस मोठी आहे. माझ्या मते, एका पातळीनंतर अशी क्रमवारी लागतच नाही, फक्त स्वभाव वेगळे दिसतात. सेनहायझरचा ‘एचडी ८००’ (२००९) ५६ मिलिमीटरचा कंकणाकृती पडदा कानापासून दूर आणि तिरपा बसवतो, म्हणून वाद्यवृंद डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. फ्रान्सच्या फोकलचा ‘युटोपिया’ (२०१६) बेरिलियमचा घुमट वापरतो; तबल्याच्या थापेची धार त्यात नेमकी उमटते. हायफायमॅनच्या ‘सुसवारा’मध्ये चुंबकांलगत ताणलेला सपाट पडदा आहे, त्यामुळे खर्ज अगदी खालपर्यंत सरळ जातो. जपानच्या स्टॅक्सची स्थिरविद्युत जात १९६० पासूनची. तिच्या आजच्या हेडफोनांतला अतिपातळ पडदा ५८० व्होल्टच्या दाबावर चालतो आणि त्यासाठी खास अ‍ॅम्प्लिफायर लागतो. सुसवाराची भूकही काही कमी नाही. कंपन्यांच्याच आकड्यांनुसार एक मिलिवॉटवर युटोपिया १०४ डेसिबल देतो, सुसवारा ८३. तेवढ्याच आवाजासाठी सुसवाराला सुमारे सव्वाशे पट शक्ती हवी. तुलनेच्या तक्त्यात या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत क्वचितच धरली जाते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सहा हजार डॉलरच्या वस्तूत काहीतरी असणारच. असतेही, पण ते किंमतीच्या पटीत नसते. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८३ हेडफोनांच्या मोजमापांत फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती जोराने येतो त्याचा, किंमतीशी संबंध आढळला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजमापाच्या आलेखात सगळे मावत नाही, ‘बारकावा’ त्यापलीकडचा असतो. पण ज्याला बारकावा म्हणतात तो पुष्कळदा वरच्या पट्टीतला उठाव असतो. एचडी ८०० मध्ये सहा किलोहर्ट्झच्या आसपास असा उठाव होता. २०१६ च्या ‘एचडी ८०० एस’मध्ये कंपनीने तो शोषून घेणारी रचना बसवली. मोजमापाचे खरे दुबळेपण वेगळे आहे. यंत्राचा कृत्रिम कान तुमचा नसतो, आणि वरच्या पट्टीत कानाच्या आकारानुसार आवाज लक्षणीय बदलतो. म्हणजे आलेखावर अविश्वास दाखवायचा तर दुसऱ्याच्या स्तुतीवर त्याहून अधिक दाखवायला हवा. इक्वलायझरने, म्हणजे पट्टीनुसार आवाज कमीजास्त करून, सगळे सुधारते हेही खरे नाही. पारंपरिक उघड्या हेडफोनमध्ये खोल खर्ज जबरदस्तीने वाढवला की विकृती वाढते, आणि सपाट पडद्याला जास्त पैसे मोजण्याचे हे एक सबळ कारण आहे.

शिवाय ऐकायचे काय, हा प्रश्न उरतोच. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज जातो. तिथे एचडी ८०० च्या विस्ताराला पसरवण्यासारखे फारसे काही नसते, उलट त्याचा सहा किलोहर्ट्झचा उठाव तबकडीची खरखर पुढे आणतो. अशा गायकीला १९९७ पासून बनत असलेला ‘एचडी ६००’ जास्त मानवतो: मध्यसप्तक नैसर्गिक, वजन जेमतेम २६० ग्रॅम, आणि गाद्या, केबल असे भाग बदलता येणारे. ऑडेझी कंपनीचे बरेच हेडफोन अर्ध्या किलोवर जातात. विलंबित ख्याल संपेपर्यंत मानेला ते जाणवते. खोल ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत हा ज्याचा नेमाचा खुराक आहे, त्याने मात्र एचडी ६०० वर थांबू नये, सपाट पडद्याकडेच जावे. बाकीच्यांनी आधी एचडी ६०० घ्यावा, त्यात नेमके काय कमी पडते ते महिनाभर आपल्या रोजच्या संगीतावर तपासावे, आणि तेवढ्याच उणिवेसाठी पुढचे पैसे काढावेत.