सायकलचे आरे

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलवरून शाळेत येतात. चाकातील बारीक तारा तुम्ही रोज पाहता. उर्दूत आपण त्यांना तीलियाँ म्हणतो, मराठीत 'आरे' म्हणतात. दुकानात मात्र सगळेच 'स्पोक' म्हणतात.

जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकात बहुधा ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात. बैलगाडीचा लाकडी आरा खांबासारखा वजन पेलतो. सायकलचा आरा इतका बारीक, की त्याच्यावर दाब आला तर तो वाकेल. म्हणून तो ताणून बसवतात. सगळे आरे रिमला सर्व बाजूंनी आत ओढून धरतात आणि त्या ओढीनेच चाक सरळ राहते. एक आरा सैल झाला, की त्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर पडतो.

लहानपणी अब्बांच्या सायकलचा एक आरा तुटला. "एकाने काय होते?" असे म्हणून मी तो काढून फेकला. महिनाभरात आणखी तीन तुटले. एके दिवशी उतारावर चाक वाकडे होऊन चिमट्यात अडकले. मागे धाकटी बहीण बसली होती. तिचा हात मोडला. अब्बा मला काहीच बोलले नाहीत.

चाक डुगडुगते का, हे घरीही पाहता येते. सायकल उलटी उभी करा. चिमट्याला टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरा आणि चाक हळू फिरवा. जेथे खडूची खूण उमटेल, तेथे रिम त्या बाजूला झुकलेली असते. खूण उजवीकडे असेल, तर त्या जागेचे डाव्या बाजूचे आरे थोडे आवळा व उजव्या बाजूचे तितकेच सैल करा. आऱ्याच्या टोकाला निपल असते, तेच फिरवायचे. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर ते आवळते. चाकाच्या मध्याकडून पाहिले तर उलट! येथे मी अजूनही गोंधळतो.

जुने निपल गंजलेले असते. आदल्या रात्री त्यावर तेलाचा थेंब सोडावा. जबरदस्ती केली तर आरा पिळून तुटतो.

शेवटी आरे बोटाने छेडून पाहा. एका बाजूच्या आऱ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचे आरे जास्त ताणलेले असतात, त्यामुळे त्यांचा आवाज उंच येतो. ती चूक नव्हे.

आरा तुटलाच, तर नवा आणताना जुना सोबत न्या. चाकाप्रमाणे आऱ्यांची लांबी बदलते.