पेशी रुजल्या, पण हात शिकला का?

तळोजा मध्यवर्ती कारागृहातून नोव्हेंबर २०२० मध्ये कंपवात झालेले कैदी फादर स्टॅन स्वामी यांनी पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज केला. त्यांच्यावरील खटल्याबद्दल कोणाचे काहीही मत असो, कंपवात म्हणजे काय हे महाराष्ट्राला त्या अर्जाइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल. मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातील डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि पेला ओठांपर्यंत नेणेही जिकिरीचे होते. मग मेलेल्या पेशींच्या जागी नव्या बसवल्या तर? प्रश्न सरळ आहे. उत्तर तसे नाही, कारण पेशी रुजणे आणि वागणे बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि आपल्याकडच्या जाहिराती पहिलीच्या नावावर दुसरी विकतात.

१९७९ मध्ये मेंदूच्या एकाच बाजूचे डोपामाइन नष्ट केलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. विशिष्ट औषध दिले की असे उंदीर एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतात. उंदराच्या भ्रूणातील ऊती त्यांच्या मेंदूत रोपल्यावर हे फिरणे कमी झाले. इथवर रोपण म्हणजे आतल्या आत औषध पाझरवणारी टाकी, असे म्हणता येते. पण मेंदूच्या स्ट्रायटम या भागाचे रोपण करणाऱ्या डनेट, रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नव्वदच्या दशकात वेगळेच दिसले. आधी शिकवलेले काम रोपण झालेल्या उंदरांना सुरुवातीला जमेना. पुन्हा सराव दिल्यावर ते सुधारले. रोपण न झालेल्यांना सरावानेही तितके साधले नाही. म्हणजे ऊती आवश्यक होत्याच, पण त्या वापरायला शिकणेही आवश्यक होते.

यावर आक्षेप येईल की कंपवातात कमतरता डोपामाइनची आहे, ते मिळाले की पुरे, शिकण्याचा प्रश्न येतोच कुठे? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने याला अडचणीचे उत्तर दिले. ४० रुग्णांपैकी २० जणांच्या मेंदूत भ्रूणपेशी रोपल्या. उरलेल्यांच्या कवटीला नुसती भोके पाडली. स्कॅनमध्ये बहुतेकांच्या पेशी रुजलेल्या दिसल्या. तरीही वर्षभराने रुग्णांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांच्या हालचाली थोड्या सुधारल्या, पण पुढे काहींमध्ये औषध थांबवल्यावरही आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. टाकी भरली, पण तोटी बंद होईना. त्याच रुग्णांच्या २००४ मधल्या अहवालात तर आपल्यावर रोपण झाले असे ज्यांना वाटत होते, त्यांनी आपले आयुष्य अधिक चांगले असल्याचे सांगितले, प्रत्यक्षात रोपण झालेले असो वा नसो. आशेचाही वागण्यावर परिणाम होतो. म्हणूनच खोटी शस्त्रक्रिया क्रूर वाटली तरी तिच्याशी तुलना केल्याशिवाय नेमके काय उपयोगी पडले हे कळत नाही. २०२५ मध्ये क्योतोच्या चमूने प्रयोगशाळेत घडवलेल्या मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी सात रुग्णांच्या मेंदूत रोपल्याचे निष्कर्ष आले. गाठी झाल्या नाहीत, डोपामाइन बनू लागले, काहींच्या हालचाली सुधारल्या. बातमी आनंदाची आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, हे मथळ्यांत आले नाही.

आपल्याकडे मात्र कंपवातापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यांवर स्टेम सेलचा, म्हणजे मूलपेशींचा, उपाय सांगणारी दुकाने आहेत. तिथे बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी काढून टोचतात. त्या डोपामाइनच्या चेतापेशी नव्हेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार सोडले, तर असे उपचार मंजूर चाचणीतच करायचे असतात. रुग्णांना आणि स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांना थांबायला वेळ नसतो हे खरे, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्यांची घाई हा पुरावा होत नाही. पुण्यात हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवतात; त्यात रोग बरा करण्याचा दावा नाही, सराव आहे. उद्या खरे रोपण उपलब्ध झाले तरी त्यानंतर असाच सराव लागेल. तोवर कोणी पेशींचे इंजेक्शन सुचवलेच, तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का आणि तुलनेचा गट कोणता, हे विचारावे. ‘चाचणी’ म्हणून पैसे मागितले, तर तिथेच उठावे.