चेनसॉ अडखळते तेव्हा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि उन्मळून पडलेल्या झाडांनी गावोगावचे रस्ते अडवले. ते मोकळे करणाऱ्या एनडीआरएफच्या जवानांच्या हाती पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉ होत्या. कोकणातल्या अनेक बागायतदारांकडेही आज हे यंत्र असते. त्याच्या तक्रारी ठरलेल्या: रेस दिली की मान टाकते, मध्येच मिस करते, कधी आपोआप रेस घेत सुटते. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर आणतो आणि कार्बोरेटर पिळू लागतो. बिघाड वाढतो तो इथेच.

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण पुरवते. (साखळीवर पडणारे ऑइल वेगळे, त्याचा इंजिनाशी संबंध नाही.) एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढली आणि पेट्रोल घटले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, की पेट्रोलबरोबर वंगणही घटते. अशा वेळी इंजिनाचा वेग चढतो, आवाज तीक्ष्ण होतो आणि ऐकणाऱ्याला मशीन जोरात पळतेय असे वाटते. प्रत्यक्षात पिस्टन कोरडा पडून तापत असतो आणि थोड्याच वेळात तो सिलिंडरला धरतो. म्हणून अडखळणाऱ्या यंत्रापेक्षा कारणाशिवाय वेग घेणाऱ्या यंत्राची मला जास्त धास्ती वाटते.

चेनसॉ आडवी, तिरकी, कशीही धरावी लागते. त्यामुळे तिच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात. क्रँककेसमधला दाब दर फेऱ्याला वरखाली होतो, त्या ठोक्यांनी एक पडदा हलतो आणि पेट्रोल खेचतो. दुसरा पडदा सुई उचलून ते मोजून सोडतो. हे पडदे कडक झाले की इंजिनाची लय बिघडते.

इथे इथेनॉलचा मुद्दा येतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते, जुन्या यंत्रांतल्या रबराला त्रास देते आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्याने मिश्रण थोडे लीनकडे झुकवते. पावसाळाभर टाकीत पडलेल्या पेट्रोलमध्ये पाणी फार झाले, तर इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी बसतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर असतो तळाशी. म्हणजे इंजिनाला मिळते ते वंगणाविना द्रव!

म्हणून सुरुवात ताज्या मिश्रणापासून करावी. कंपनीच्या पुस्तिकेत ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल. त्यानंतर एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर आणि सायलेन्सरच्या जाळीवरचा कार्बन पाहावा. मशीन थोडा वेळ नीट चालून दम तोडत असेल, तर इंजिन निवल्यावर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्यानंतर ते पूर्ववत चालले, तर टाकीत हवा घेणारा व्हेंट तुंबला असण्याची शक्यता आहे. प्लगही बोलतो. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर लीन. गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर प्लगची ठिणगी गरम असतानाच तपासावी. बिघडलेली इग्निशन कॉइल अनेकदा तापल्यावरच दगा देते.

एवढे करूनही आयडलवर वेग डोलत असेल, मशीन आडवी करताच बदलत असेल, तर क्रँक सील किंवा कार्बोरेटरमागचे रबर हवा घेत असण्याची शक्यता मोठी. तिथे स्क्रू फिरवून दोष झाकता येतो, जात नाही. मेकॅनिककडून दाब आणि व्हॅक्यूमची तपासणीच करून घ्यावी.

सगळे ठीक असेल तरच स्क्रूला हात लावावा. पूर्ण रेसवरचे मिश्रण ठरवणारा ‘एच’ स्क्रू आत घेतला की मिश्रण लीन होते. लाकूड कापत नसताना पूर्ण रेसवर किंचित फरफर ऐकू यायला हवी आणि कापायला लागताच ती थांबायला हवी. ही फरफर दोष नाही, जादा पेट्रोलाची ती खूण आहे. काही नव्या यंत्रांत मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जुळते, त्यांना हे स्क्रूच नसतात.

आणि एक कळकळीची विनंती. रेस सोडल्यावर साखळी पूर्ण थांबली पाहिजे. ती आयडलवरही सरकत असेल, तर फांदी कितीही लहान असो, मशीन लगेच बंद करा, प्लगची टोपी काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत ती कुणाच्याही हाती देऊ नका.