मुंबईचे हवाई छात्र

भारतात राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एन.सी.सी., १९४८ साली स्थापन झाली. तिच्या हवाई शाखेची पहिली पथके १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे उभी राहिली. कवायत, नेमबाजी, विमानांच्या प्रतिकृती बनविणे आणि निवडक छात्रांना प्रत्यक्ष उड्डाण, असा तिचा शिक्षणक्रम. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन मुलांना छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. पुढे सैन्यात जाण्याचे बंधन मात्र छात्रावर नसते.

येथे इस्राएलमध्ये आपल्या मुलामुलींना अठराव्या वर्षी लष्करी सेवेची हाक येते. सक्तीने कवायत शिकविता येते. शिस्तीची गोडी मात्र स्वेच्छेनेच लागते. म्हणून ज्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत तो निळसर गणवेश अंगावर घातला, त्यांनी आपले अनुभव नातवंडांना अवश्य सांगावेत. आणि तेही मराठीतून.