बिजाचा पेला

भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी आठवतात. मी सांगणार आहे ते लाकडाच्या पेल्याविषयी. आमच्या लेथवर मुख्यतः लाटणी, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब असलं काम होतं. जोडीला बिजाचे पेले. बिजा म्हणजेच बिबला. आयुर्वेदात बीजक किंवा असन आणि जाहिरातीत विजयसार. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात साग, हळदू, धावडा यांच्या सोबतीनं हे झाड वाढतं. सालीवर घाव बसला की रक्तासारखा लाल चीक वाहतो.

पेल्यासाठी ठोकळा निवडताना दोन गोष्टी बघायच्या. खोडाचा अगदी मधला बिंदू त्यात येता कामा नये, कारण तडा तिथूनच जातो. आणि बाहेरचं फिकट लाकूड काढून टाकायचं, कारण रंग आतल्या गाभ्यात असतो. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, पण वाळताना आक्रसतं आणि गोल पेल्याचं तोंड अंडाकृती होतं. म्हणून आधी जाड भिंतीचा कच्चा पेला काढायचा, दोन्ही टोकांना मेण लावून तो काही महिने सावलीत ठेवायचा आणि मगच शेवटचा हात फिरवायचा. घाई करणाऱ्याचा पेला हमखास गळतो.

पेल्यात लाकडाच्या रेषा उभ्या असतात. त्यामुळे पोकळी कोरताना पटाशी मधून काठाकडे न्यायची. उलट नेली की धागे उचकटतात. तळाशी त्याच धाग्यांची तोंडं उघडी राहतात, पाणी तिथूनच लाकडात शिरतं. तळ फार पातळ केला तर ते बाहेर पाझरतं. आतून पॉलिश, वॉर्निश, लाख काहीही लावत नाही. लावलं तर पाणी लाकडाला भेटणार कसं?

काहींना हॉटेलातल्यासारखा दांडीचा पेला हवा असतो. तो करताना क्रम चुकवून चालत नाही. आधी आतली पोकळी, मग बाहेरचा घाट आणि दांडी सगळ्यात शेवटी. दांडी आधीच बारीक केली तर वरचा भाग लेथवर थरथरायला लागतो आणि पटाशी अडकून पेला हातात येतो, तोही दोन तुकड्यांत. दांडी कातताना पेल्याच्या तोंडात लाकडाचा गुट्टा बसवून मागून आधार देतो. दांडीतही रेषा उभ्याच हव्यात. आडव्या रेषेची दांडी बोटानं दाबली तरी मोडते. वेगळी दांडी करून साध्या पांढऱ्या गोंदानं चिकटवणारेही आहेत. पाण्याशी रोजचा संबंध येणाऱ्या वस्तूला तो गोंद टिकत नाही.

आता पाण्याकडे येऊ. रात्रभर भरून ठेवलं की पाणी मधासारखं पिवळं, मग तांबूस होतं. काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं तर कडेला निळी झाक दिसते. हा चमत्कार नाही. लाकडातून उतरलेले पदार्थ उन्हातला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. युरोपात सोळाव्या शतकात मेक्सिकोहून आलेल्या एका लाकडाच्या पाण्यात अशीच निळाई दिसली होती. स्पेनमधल्या मोनार्देस या वैद्यानं १५६५ मध्ये तिची नोंद केली. पुढे रॉबर्ट बॉइलनं त्या पाण्यात आम्ल घातलं की निळाई जाते, हे १६६४ मध्ये लिहिलं. फिलिपिन्समध्ये बिजाच्याच कुळातल्या नारा या झाडाचे असे पेले होत. साधं लाकूड रंगवून विजयसार म्हणून विकणारे असतात. त्याच्या पाण्यात रंग उतरेल, निळी झाक येणार नाही.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र निळाईचा नसतो. 'गोळ्या कधी बंद करायच्या?' असा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं विजयसारावर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्यानं मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. हा आकडा विकणारे तोंडपाठ सांगतात. पण ते रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते, त्यांना मोजून अर्क दिला होता, पेल्यातलं पाणी नव्हे. आणि तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला दुसरा गट नव्हता. माझ्या पेल्यात रात्रीतून किती अर्क उतरतो, हे मी सांगू शकत नाही. नवा पेला गडद रंग देतो, महिन्याभराचा फिकट. म्हणजे मात्रा रोज वेगळी. असल्या मापावर कुणी इन्सुलिन थांबवलं तर जिवावर बेतेल. म्हणून मी पेला विकताना तोंडानंच सांगतो: पाणी प्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनानं सोडू नका. एखादं गिऱ्हाईक तेवढ्यावर परत जातं. जाऊ दे.

लाकडाचंही तसंच. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत बिजाचं नाव आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पेल्यापायी उभं झाड पाडावं असं मला वाटतही नाही. जुन्या घरांच्या उतरवलेल्या तुळया आणि फर्निचरवाल्यांकडचे तुकडे मला पुरतात. तुळईचं लाकूड वाळलेलंच असतं, फक्त खिळे आधी शोधून काढावे लागतात, नाहीतर पटाशीची धार जाते. तीन इंचांपेक्षा बारीक तुकड्याचा पेला होत नाही. त्याचे भोवरे काततो.