वय झालं म्हणून धाप लागते का?

आज जुनवानीतून बोलतोय, म्हणजे भिलाईच्या कडेवरून. दुर्ग-रायपूरकडे मराठी माणूस नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहे. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून बरीच मंडळी कारखान्यात आली. त्यांच्यातले पुष्कळजण आता सत्तरी-ऐंशीत आहेत, मुलं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी. आजचा विषय त्यांच्यासाठी आणि त्या मुलांसाठी.

समजा, आजोबा नातवाला घेऊन मैत्रीबागेत गेले. मागच्या वर्षी वाघापर्यंत चालत गेले होते. यंदा म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथं बाकावर बसतो." घरचे म्हणतात, वय झालं. आजोबाही तेच म्हणतात. या एका वाक्यामुळे झडपेचा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. दम लागू नये म्हणून माणूस नकळत चालणंच कमी करतो. मग डॉक्टरांनी "धाप लागते का?" विचारलं की उत्तर येतं, "नाही बुवा." म्हणून प्रश्न असा विचारा: मागच्या दिवाळीला जे करत होतात, ते सगळं आज करता का?

हृदयात चार झडपा असतात. म्हातारपणी सगळ्यात जास्त घात करते ती महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप. दिवसाला सुमारे लाखभर वेळा ती उघडते, मिटते. वयाबरोबर तिच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचा थर बसतो आणि त्या ताठ होतात. निरोगी झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतं. ते १ च्या आसपास किंवा खाली आलं, की आजार तीव्र समजायचा. (हे जेवणातल्या कॅल्शियममुळे होत नाही. दूध बंद करू नका.) डाव्या बाजूची मायट्रल झडपही गळू लागते, किंवा लहानपणच्या सांधेतापाने आखडलेली असते. तिचे उपाय वेगळे. त्यावर पुन्हा बोलू.

लक्षणं तीन: श्रमाने धाप, छातीत दडपण, आणि चालताना डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा शुद्ध हरपणं. तीव्र आजारात ही सुरू झाली आणि झडप बदलली नाही, तर निम्म्याहून अधिक रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावतात. झडप उघडणारी गोळी अजून निघालेली नाही. गोळ्यांनी सूज, धाप थोडी आवरते, एवढंच.

तपासणीची सुरुवात स्टेथोस्कोपने. झडपेतून घुसणाऱ्या रक्ताचा खरखरीत आवाज ऐकू येतो. मग टूडी इको. ही सुईविना होणारी तपासणी आहे. अहवालात दोन आकडे बघा: रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, आणि सरासरी दाबफरक ४० किंवा जास्त. पण इथं एक फसगत आहे. हृदय थकलेलं असेल तर रक्त जोरात फेकलंच जात नाही. झडप अरुंद असूनही आकडे कमी दिसतात आणि अहवालावर "मध्यम" लिहून येतं. तोंड १ च्या खाली आणि दाबफरक कमी, अशी जोडी दिसली तर सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजायला सांगा.

वृद्ध माणसात नुसती झडप बघून भागत नाही. पाच मीटर चालायला सहा सेकंदांहून जास्त लागतात का? वजन उतरलंय का, मूत्रपिंडं कशी आहेत, रक्त कमी आहे का, स्मरण शाबूत आहे का? याच रुग्णांत कधी आतड्यातून बारीक रक्तस्राव होतो, आणि धाप निम्मी त्या पंडुरोगाचीच असते.

उपाय दोन. छाती उघडून झडप बदलणं हा जुना आणि भरवशाचा. दुसरा टावी: मांडीच्या धमनीतून नळी नेऊन नवी झडप जुनीच्या आतच बसवायची. फ्रान्समध्ये रुआं इथं आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली. आज आपल्याकडे वापीला अशी झडप तयार होते. अमेरिकी मार्गदर्शनानुसार ८० च्या पुढे टावी, ६५ च्या आत शस्त्रक्रिया, मध्ये दोन्ही तोलून. युरोपने ती रेषा २०२५ मध्ये सत्तरीवर आणली. टावीनंतर काहींना पेसमेकर लागतो, हे आधीच विचारून घ्या. आणि माणूस अंथरुणाला खिळलेला, विस्मरणाने ग्रासलेला असेल, तर काही न करता त्रास कमी ठेवणं हाही वैद्यकीय निर्णयच आहे. त्यात मुलांचा कमीपणा नाही.

शस्त्रक्रियेत धातूची झडप की प्राण्याच्या ऊतीची? धातूची टिकते जन्मभर. १९९० पासून बसवली जाणारी तिरुवनंतपुरमची चित्रा झडप याच जातीची. पण मग रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर, आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा. आता छत्तीसगड म्हणजे भाज्यांचा मुलूख. लाल भाजी, चेच भाजी रोज ताटात. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा जोर उतरवतं. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी परातभर, असं नको. एकट्या राहणाऱ्या आजींना तपासणीला कोण नेणार, हे बघून झडप ठरवा. ऊतीची झडप साधारण दहा-पंधरा वर्षं चालते आणि पंचाहत्तरीला ती बहुधा पुरते.

पैशाचं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. टावीचा खर्च याहून बराच जास्त होऊ शकतो, तेव्हा भरती होण्याआधी रुग्णालयाकडून लेखी आकडा घ्या. दंतवैद्याकडे आधीच जाऊन या, कारण किडक्या दातांतले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. आणि मुलगा पुण्याहून फोनवर बोलणार असेल, तर इकोचा जुना आणि नवा, दोन्ही अहवालांचे फोटो त्याला आदल्या रात्रीच पाठवा.