प्रलयकथा आणि मोखाड्याचे पाणी

पृथ्वीवर अरिष्ट चालून येते. शास्त्रज्ञ ते आधी ओळखतो. राज्यकर्ते प्रथम हसतात, मग घाबरतात आणि अखेर त्याच्याच हाती सूत्रे देतात. विज्ञानकथेतील प्रलयकथा या शाखेची ही ठरलेली चाल होय. फ्रेड हॉईल यांनी १९५७ साली 'द ब्लॅक क्लाउड' लिहून तिला प्रतिष्ठा दिली आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी ती मराठीत रुजविली. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या मागे या जुन्या कथाप्रकाराला आजच्या वाचकाशी बोलण्याजोगे काही उरले आहे काय?

विज्ञानापुरते पाहिल्यास उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू अणुस्फोटाने वळविला जातो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'नासा'ने एक यान डिमॉर्फस या चिमुकल्या खगोलावर मुद्दाम आदळविले आणि त्याचा प्रदक्षिणाकाल अर्ध्या तासाहून अधिक घटला. कल्पना कागदावरून आकाशात गेली. कथेत संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला देणारी मंडळीही आहेत. तीही अद्याप जुनी झालेली नाहीत!

जुने झाले आहे ते या कथांचे गृहीत. संकट सर्वांवर एकाच वेळी कोसळते आणि उपाय सापडला की तो सर्वांना मिळतो, असे प्रलयकथा मानते. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात हे गृहीत टिकत नाही. येथे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो. दिवाळीनंतर वारली, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंचीचे धरण २०१४ पासून उभे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे उपाय सापडला आहे, बांधूनही झाला आहे. फक्त तो ज्याच्या अंगणात आहे त्याच्यासाठी नाही. धूमकेतूची तिथी काढावयास दुर्बीण लागते, टँकरची तिथी येथील शाळकरी पोरही सांगते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हाही कुपोषण हे काही अज्ञात ग्रहावरून आलेले नव्हते.

'हिमप्रलय'मध्ये नारळीकरांनी मुंबईवर बर्फ पाडले. शहरी वाचकाला शहारे आणण्यासाठी ते योग्यच होते. तथापि प्रलयकथेला पुढे जगावयाचे असेल तर तिला मुंबईच्या नळापासून उलट दिशेने, वैतरणेच्या काठाकाठाने वर चढावे लागेल. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली होती. तशीच एखादी कथा उद्या मोखाड्याच्या आश्रमशाळेतूनही येऊ शकेल. मात्र तिच्यातील शास्त्रज्ञाला राज्यकर्त्यांची खात्री पटविण्याचे काम उरणार नाही, कारण त्यांना सारे ठाऊकच असते. मग संघर्ष कोणाशी, हे लेखकाला नव्याने ठरवावे लागेल.